राज्य कोणावर?

डोंगराच्या उतारावरील एका जंगलात गव्यांचा मोठा कळप राहत असे. कळपाच्या म्होरक्याचे वासरू फार ताठ्यात वागे. "हे सगळं रान म्हणजे माझ्या बाबांचं राज्य. पुढे ते माझंच होणार," असे ते भेटेल त्याला ऐकवी.

एके दुपारी ससुला, मोराचे पिल्लू आणि साळू नावाचे साळिंदराचे पिल्लू लपंडाव खेळायला जमले. वासरूही आले. मुलांनो, या खेळातले 'राज्य' तुम्हाला ठाऊकच आहे. वासराला मात्र ते ठाऊक नव्हते. "राज्य कोणावर?" असे ससुल्याने विचारताच ते पुढे सरसावले. "कोणावर म्हणजे? माझ्यावरच!"

सगळे पळाले, लपले. वासरू आपले एका खडकावर चढून, मुजऱ्याची वाट पाहत ऐटीत उभे राहिले. शेवटी कंटाळून ससुल्याने झुडपातून डोके वर काढले. "अरे, उभा काय राहिलास? ज्याच्यावर राज्य, त्यानं सगळ्यांना शोधायचं असतं!"

"मी शोधू? तुम्हाला?" वासरू फुरफुरले. "असलं राज्य मला नको."

इतक्यात धुराचा लोट आला. वाळलेल्या गवताने पेट घेतला होता! ससुला आणि मोराचे पिल्लू ओढ्याकडे धावत सुटले, त्यांच्यामागे वासरूही. ओढा ओलांडल्यावर ससुला थबकला. "साळू कुठंय? तो दिवसा कुठेही झोपतो रे!"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. ससुला वासराच्या पायांआड दडला. मोराच्या पिल्लाला अजून धड उडताही येत नव्हते. वासराने मागे वळून धुराकडे पाहिले. "तुम्ही इथंच थांबा. शोधायचं मलाच आहे," असे म्हणून ते वळले आणि धुरात शिरले.

डोळे चुरचुरत होते. एकेक झुडूप हुंगत, हाका मारत ते फिरले. एका पोकळ ओंडक्यात साळू गाढ झोपलेला सापडला. वासराने त्याला नाकाने ढोसले, तशी काट्यांची टोके नाकात रुतली. तरी तो जागा होईपर्यंत ते ढोसत राहिले आणि त्याला पुढे घालून ओढ्यापार घेऊन आले.

संध्याकाळपर्यंत आग ओढ्यापाशी येऊन विझली. म्होरक्याने वासराचे सुजलेले नाक पाहिले. "एकदा सुखरूप सुटला होतास. मग परत का गेलास?"

"एक जण मागे राहिला होता, बाबा."

म्होरक्या जवळ सरकला. आपल्या खरबरीत जिभेने तो ते नाक हळूहळू चाटत राहिला.

तात्पर्य : ज्याच्याकडे राज्य येते, त्याने सर्वांत मागे राहिलेल्याचीही काळजी वाहायची असते.