हजाराच्या नोटेवरचा मोर

देवझरी संस्थानात हजार रुपयांची नवी नोट निघाली आणि तिच्यावरचा मोर कोरायचं काम महाराजांनी सुंदराबाईंना दिलं. दरबारचे जुने चितारी त्र्यंबकराव जळफळले. जन्मभर इथे रंग घोटले आम्ही, अन् मान या कालच्या बाईला!

त्यांनी वशिल्याने नोटेचाच कागद मिळवला, त्यामुळे जलचिन्ह आणि चांदीचा धागा आयताच आला. मोर त्यांनी हाताने उतरवला आणि भर दरबारात दोन्ही नोटा महाराजांपुढे ठेवल्या.

"सरकार, यातली एक मी केलेली नक्कल आहे. ओळखता येत नसेल, तर बाईंची नोट रद्द करा."

महाराजांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या आणि हात टेकले. त्र्यंबकरावांना गुदगुल्या झाल्या.

सुंदराबाईंनी मात्र चटकन एक नोट उचलली. "ही नक्कल. माझ्या मोराचा डावा पाय मी मुद्दाम आखूड काढलाय. इथे दोन्ही सारखे आहेत."

"मुद्दाम? का?"

"बाहेरच्या चोरांसाठी धागा आहे, सरकार. पाय त्र्यंबकरावांसाठी. माझी चूक दिसली, की ती सुधारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

दरबार खो खो हसला. त्र्यंबकराव त्या आखूड पायाकडे बघत राहिले. अजूनही त्यांचा हात शिवशिवत होता.