साळुंकीची शेपटी

ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, सांभाळून घ्यावं. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही घरातलेच आहेत. गोष्ट ऐकली तशी सांगतो.

"...मग उद्या तरी लगाम माझ्या हातात देणार का?"

पितांबरने हे विचारलं तेव्हा हिलाल वस्ताद खाटेवर बसून टाचेतला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठी घोड्यांची जत्रा भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगणात पंच घोडी बघणार होते. घोडी पाळणाऱ्या त्या लोकांत रीत अशी, की रिंगणाच्या तोंडाशी वस्तादाने ज्याच्या हातात लगाम दिला, तो त्या दिवसापासून स्वतः वस्ताद. पितांबर पाच वर्षं वस्तादांकडे शेण काढत होता, ते त्या एका घडीसाठी.

"आधी घोडी दाखव," वस्ताद म्हणाले.

पितांबर हसला. त्याला हेच हवं होतं.

घोडीचं नाव साळुंकी. तिची शेपटी त्याने रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली होती. बाजूला उभं राहून, टोकापासून वर वर, बोटांनी गुंता सोडवला होता. मग तेल चोळून चारपदरी वेणी घातली, वेणी वर दुमडली आणि लाल नाड्याने करकचून बांधली. वर गोंडा. येणारे-जाणारे थांबून मोबाईलवर फोटो काढत होते.

"काल दुपारपासून अशीच आहे, वस्ताद. एक केस हलला नाही."

"आणि घोडी?"

"घोडी काय... उभी आहे."

वस्ताद उठले. त्यांचे गुडघे वाजले.

"हात मागे कर."

पितांबरने हात मागे केले. वस्तादांनी उरलेला लाल नाडा घेतला, त्याची दोन्ही मनगटं बांधली, वर एक गोंडाही लावला.

"हे काय, वस्ताद?"

"छान दिसतायत."

शेजारच्या तंबूतला भिका हुक्का बाजूला ठेवून म्हणाला, "यालाही रिंगणात नेताय का, वस्ताद?"

"बघू. दात चांगले आहेत."

त्यांनी पितांबरला साळुंकीशेजारी बसवलं आणि पुन्हा खाटेवर जाऊन बसले.

ऊन चढत होतं. लीद, घाम, गूळ, सगळ्याचा वास एक झालेला. पहिली माशी पितांबरच्या ओठावर बसली. त्याने फुंकर मारली. ती डोळ्याच्या कोपऱ्यात गेली. त्याने मान झटकली, खांद्यावर गाल घासला. तिथून उडून ती मानेवर बसली, आणि आता तिच्यासोबत आणखी चार होत्या.

बऱ्याच वेळाने त्याचं लक्ष वर गेलं.

साळुंकीही मान झटकत होती. तिची कातडी थरथरत होती. मागचा खूर जमिनीवर आपटत होता... थांबत होता... पुन्हा आपटत होता. लाल गोंडा बोटभर वर उचलला जायचा आणि तिथेच राहायचा. पोटावर माश्यांची काळी ओळ बसली होती. ती उठत नव्हती.

"वस्ताद, सोडा ना."

"कोणाला?"

"मला," पितांबर म्हणाला. "मी दमलोय."

वस्तादांनी त्याचे हात सोडले. खाटेवर आडवे झाले आणि डोळ्यांवर हात घेतला.

पितांबर मनगटं चोळत बसला. वेणी सोडली तर केसांना पडलेली वळणं दोन दिवस जात नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आणि पंच आधी शेपटीच बघतात. त्याने गोंड्याला हात लावला. मग हात काढून घेतला.

संध्याकाळपर्यंत तो खूर ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने चुलीवर पाणी कोमट केलं आणि नाडा सोडला. एक एक पदर उलगडला. केस कुरळे होऊन विस्कटले. शेपटी बादलीत सोडून त्याने तेल धुऊन काढलं. बादली बाजूला घेतली तशी साळुंकीने शेपटी फिरवली, आणि ती ओलीचिंब त्याच्या तोंडावर बसली.

तो तोंड न पुसता तसाच उभा राहिला.

शेपटी पोटाखाली पोचत नव्हती. तिथल्या माश्या तो कडुलिंबाच्या डहाळीने हाकत राहिला.

भोंगा वाजला. "नंबर एकवीस. हिलाल वस्तादांची साळुंकी. रिंगणात यावं."

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

साळुंकीची मान हळूहळू खाली आली. खालचा ओठ सुटला. मागचा एक पाय तिने सैल सोडला. शेपटी आपली आपणच डावीकडे, उजवीकडे...

वस्ताद आले. खांद्यावर लगाम होता. त्यांनी ती विस्कटलेली, कुरळी शेपटी बराच वेळ पाहिली. मग लगाम काढून पितांबरच्या हातात दिला.

भोंग्याने तिसऱ्यांदा नाव घेतलं.

पितांबरने विचारलं, "वस्ताद... नेऊ?"

वस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."