विणकरणीचे चार कैवारी

फार पूर्वी, नदीकाठच्या एका पेठेत एक विधवा विणकरीण भाड्याच्या घरात राहत असे. तिचा माग खड्ड्यातला होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ती दिवसभर विणत बसे. त्या मागावरच तिचे पोट होते.

एके दिवशी घरमालक म्हणाला, "बाई, तुमच्या खड्ड्यानं माझी भिंत खचतेय. दसऱ्याच्या आत घर रिकामं करा."

त्या पेठेत एक रीत होती. केलेल्या मदतीचा चारचौघांत उच्चार करणे तेथे हलकेपणाचे मानले जाई. रीत सद्भावनेतूनच जन्मली होती. परंतु तिच्यामुळे एकाचे साहाय्य दुसऱ्याला कधी कळत नसे.

विणकरणीचे संकट कानी येताच पाटलांनी गुपचूप मालकाला गाठले आणि भिंत दुरुस्त झाल्यास तिला राहू देण्याचा शब्द मिळवला. गवंड्याने कोणालाही न सांगता चुना भिजवला. तेलिणीने तिला आपली रिकामी खोली देऊ केली आणि गाडीवानाने माग सोडवून सारे सामान त्या खोलीत नेऊन ठेवले.

दुपारी मालक आला. घर रिकामे पाहून त्याला वाटले, आपल्या शब्दाची किंमतच राहिली नाही. त्याने दाराला कुलूप ठोकले. इकडे तेलिणीच्या खोलीत जमिनीखाली कातळ लागला; खड्डा खणता येईना. विणकरणीला छप्पर मिळाले, पण पोट गेले.

हताश होऊन ती जुन्या घरी परतली. तेलीण आणि गाडीवान तिच्यासोबत होते. गवंडी घमेले घेऊन कुलपासमोर उभा होता. पाटीलही येऊन पोहोचले होते.

"भिंत झाली की मालक राहू देणार होता. सामान कोणी हलवलं?" पाटलांनी विचारले.

"मी," गाडीवान म्हणाला. "तुम्ही शब्द मिळवलाय, हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?"

"आणि मी हा चुना आता कुलपाला फासू का?" गवंडी कुरकुरला.

विणकरीण ओट्यावर टेकली. "दादांनो, माझ्यासाठी कोण काय करतंय ते एकदा एकमेकांना सांगा. लाज वाटत असेल, तर माझ्याकडं बघून सांगा."

पिढ्यांची रीत मोडायची होती. अखेर तेलीण म्हणाली, "माझी खोली विणायच्या कामाची नाही. पण भिंत होईपर्यंत बाईंना निजायला पुरेल."

मग एकेकाचे तोंड उघडले. पाटील मालकाला घेऊन आले. गवंडी त्याला म्हणाला, "खड्ड्याला आतून दगड लावतो. भिंत पुन्हा खचली, तर फुकट बांधून देईन."

"मला न सांगता गेल्या, म्हणून राग आला," मालक विणकरणीकडे पाहत म्हणाला.

"मला कुणी सांगितलंच नाही, की राहता येणार आहे," ती उत्तरली.

मालकाने कुलूप काढले. दसऱ्याच्या आत गाडीवानाने सामान परत आणले आणि माग पुन्हा खड्ड्यावर बसला. पुढे त्या पेठेत कोणावर घर सोडण्याची पाळी आली, तर मदत करणारे आधी त्याच्याच ओट्यावर एकत्र बसत, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारत.

तात्पर्य एवढेच: मदतीचा गाजावाजा नको, पण मदत करणाऱ्यांना एकमेकांचे काम ठाऊक हवे, आणि जिच्यासाठी ते चालले आहे, तिला सर्वांआधी.