गोठलेल्या शाईचा शिक्का

समुद्रकाठच्या एका नगरात एकदा एक वृद्ध टपालपारखी राहत असे. जहाजांवरून आणि ध्रुवप्रदेशांतून आलेली जुनी पाकिटे अस्सल की बनावट, हे तो सांगे, आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याचा शिष्य बुद्धिमान, पण भारी उतावळा. डोळ्याला भिंग लावले की स्वारी स्वतःलाच गुरू समजे.

एके दिवशी एक व्यापारी दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेचे पाकीट घेऊन आला. त्यावरचा टपालाचा शिक्का गोल, ठसठशीत, दृष्ट लागावी असा. पाठोपाठ एक बाई तसेच एक पाकीट घेऊन आली. तिचे वडील त्याच मोहिमेच्या जहाजावर टपाल सांभाळत, त्यावर शिक्के मारत. परतीच्या वाटेवर ते वारले. ते बर्फावर पोचल्याची घरी या पाकिटाएवढीच खूण होती. तारीख तीच, पण शिक्का वाकडा, फिकट आणि अर्धाच उमटलेला.

शिष्याने तत्काळ निवाडा केला, "बाई, हे नकली आहे. अस्सल शिक्का कसा असतो, ते या शेटजींच्या पाकिटावर पाहा."

बाईचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा तिथवर पोचलेच नव्हते?"

शिष्याने पाकीट उलटे केले आणि 'बनावट' हा ठसा उचलला. तो एकदा बसला की पुसता येत नसे.

"थांब," वृद्ध म्हणाला. त्याने बर्फ मागवला. आइस्क्रीमच्या पॉटात घालतात तसे त्यातल्या थोड्या बर्फात मीठ घालून शाईची गादी त्यात ठेवली, आणि उरलेल्या बर्फात शिष्याला हात खुपसायला सांगितले. म्हाताऱ्याला चळ तर लागला नाही ना, असे शिष्याच्या मनात आले. पण गुरूची आज्ञा! बोटे बधिर झाल्यावर वृद्धाने त्याच्या हाती एक जुना शिक्का दिला. "मार आता या कोऱ्या कागदावर."

हात थरथरला, शिक्का निसटला. कागदावर उमटले ते वाकडे, फिकट, अर्धे वर्तुळ. शिष्याने बाईचे पाकीट त्या कागदाशेजारी ठेवले. दोन्ही शिक्के सारखेच होते.

"बाळ," वृद्ध म्हणाला, "या पाकिटाचा कागद, तिकीट, शाई मी आत्ताच पाहिली, सारे त्या काळचे आहे. शाई गोठते, बोटे जागची हलत नाहीत, तिथे स्वच्छ शिक्का कुठून येणार? शेटजींच्या पाकिटावरची अक्षरे नक्कल करणाऱ्याने हुबेहूब उतरवली. थंडी उतरवायची तेवढी राहून गेली."

व्यापारी पाकीट खिशात घालून चालता झाला.

शिष्याची बोटे अजून दुखत होती. त्या अफाट पांढऱ्या ओसाडीत उभे राहून, अशाच बोटांनी कुणी तरी आपले काम पार पाडले होते. त्याने ते पाकीट दोन्ही हातांनी उचलले, कपाळाला लावले आणि बाईच्या हाती दिले.

"ताई, चूक माझी झाली. बाबा पोचले होते. हा त्यांचाच हात आहे."

बाईने त्या अर्ध्या वर्तुळावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.