सरपंचांची एक खेप

फार वर्षांपूर्वी करवंदीच्या रानात प्राण्यांची ग्रामपंचायत होती. तिच्या नव्या चावडीसाठी म्हाताऱ्या सरपंच सांबराने डोंगरापलीकडचा काळा दगड ठरवला आणि तो वाहायचं काम तुळसा गाढविणीवर सोपवलं.

चार दिवस खेपा करून तुळसा पार थकली. ती सरपंचांना म्हणाली, "आबा, एका खेपेला सोबत चला. दगड कुठून येतो ते तरी बघा."

सांबर निघाला. वाटेत त्याला खाणीने पोखरलेला डोंगर दिसला, धुळीने गढूळ झालेला झरा दिसला. परतताना तुळसाची धाप ऐकवेना, म्हणून त्याने एक दगड आपल्या पाठीवर घेतला. चढावर तो दोनदा खाली बसला. तुळसा दोन्ही वेळा त्याच्यासाठी थांबली.

दुसऱ्या दिवशी सांबराने सभेत नियम सांगितला, "यापुढे पंचायतीची इमारत वेशीच्या आतल्या मातीने आणि पडक्या भिंतींच्या दगडांनीच बांधायची. बाहेरचं काही हवं असेल, तर मागणाऱ्याने आधी एक खेप स्वतः करायची."

कुणीच काही मागितलं नाही.

मातीची चावडी उभी राहिली. तुळसा आजवर कायम कुणाचं ना कुणाचं ओझं वाहत वाटेवरच असायची, त्यामुळे सभेत कुठे बसायचं हे तिला कळेना. सांबर जरा सरकला आणि म्हणाला, "इथे बसा, तुळसाबाई. या भिंतीशी गार वाटतं."