अस्वलाची फसफस

एका जंगलात, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, एक अस्वल राहत असे. राहत असे म्हणजे एकटेच राहत असे. ते कुणाच्या अध्यात नसे की मध्यात नसे, आणि खरे सांगायचे तर त्याचे दुःख हेच होते. डोंगरामागच्या त्याच्या रानाला वणवा लागला म्हणून ते इकडे आले, तेव्हापासून कुणी त्याच्याशी भांडले नाही की कुणी त्याला लागेल असे बोलले नाही. येताजाता सगळे विचारत, "काय अस्वलराव, बरं आहे ना?" अस्वल म्हणे, "बरं आहे." तोवर विचारणारा चार झाडे पुढे गेलेला असे. एकदा "बरं नाही" म्हणून पाहावे, कोण थांबते ते बघावे, असे अस्वलाच्या फार मनात येई. पण तेवढा धीर त्याला कधी झाला नाही.

उन्हे कलली की ओढ्याच्या अलीकडे, वडाखाली सगळे जमत. कोण काय बोलते ते पलीकडे ऐकू येत नसे, फक्त हसणे ऐकू येई. कुणाच्या तरी थट्टेवर सगळे हसले की अस्वलही गुहेच्या तोंडाशी बसून हसे, थट्टा कसली होती ते ठाऊक नसताना. दोनदा ते उठून तिकडे गेलेही होते. ते जवळ येताच सगळे गप्प झाले, मान राखून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने एकेकाला घरची कामे आठवली. त्यानंतर ते गेले नाही.

आता मुलांनो, या जंगलात फसफस नावाचे एक पेय करत. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात शिजवायचे आणि मग आंबवत ठेवायचे, की वर फेस येतो आणि फसफस आवाज होतो. शहरातली मोठी माणसे याच प्रकाराला बिअर म्हणतात. तुम्ही नाक मुरडू नका आणि जीभही चाटू नका, तुम्हाला फक्त गोष्ट ऐकायची आहे. तर ही फसफस करायची म्हणजे विरजण लागे, आणि तिथली रीत अशी की विरजण स्वतःच्या घरचे घालायचे नाही, शेजाऱ्याकडून मागून आणायचे. ज्याचे विरजण, त्याचा पहिला घोट. त्यामुळे आमंत्रण असे कुणी कुणाला करतच नसे. विरजण मागितले की ते झालेच.

अस्वलाला रीत ठाऊक होती, पण पटत नव्हती. त्याला वाटे, आपण परके, त्यात मागायला गेलो तर लोक म्हणतील, आला भिकारी! त्यापेक्षा आपण सगळे आपल्या हाताने करावे, इतके करावे की सगळ्या जंगलाला पुरून उरेल, आणि मग एके दिवशी साऱ्यांना बोलावून थक्क करावे. मग कोण कशाला उठून जाईल? एवढ्या एका विचाराने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

ते कामाला लागले. सावरीचे एक भले मोठे खोड उन्मळून पडले होते, ते त्याने नखांनी कोरून कोरून पोकळ केले. त्याला खालच्या अंगाला भोक पाडून बांबूची नळी बसवली. सुगरणींनी टाकून दिलेली घरटी गोळा करून त्यांची गाळणी केली. पडीक रानात आपोआप उगवलेले सातू ओरबाडून आणले, भिजवले आणि ओल्या पळसपानांखाली झाकून ठेवले. भांडे चुलीवर ठेवावे तर खोड जळून जाईल. म्हणून त्याने दगड तापवले आणि खोडातल्या पाण्यात एकेक सोडले. चर्र आवाज होऊन वाफ उठे आणि अस्वलाच्या भुवया ओल्या होत. हे सगळे त्याने एकट्याने, जिवाचे रान करून केले. काम चांगले चालले होते. चांगले चालले आहे हे सांगायला मात्र जवळ कुणी नव्हते, म्हणून ते दगडांना सांगे.

पानांखाली मोड आले त्या दिवशी खार ओढा ओलांडून आली. "अहो काका, हे काय चाललंय? होडी करताय का?"

कुणीतरी आपण होऊन दारात आले म्हणून अस्वलाचा ऊर भरून आला. पण मोड अजून वाळायचे होते, सगळा पसारा पडला होता. अशा पसाऱ्यात पाहुणा बसवायचा? ते म्हणाले, "कळेल, कळेल. सगळं झालं की बोलावतो."

"मी मोड निवडू लागते की! मला येतं."

"छे, छे. तुला कशाला त्रास? मी करतो."

खारीने शेपटी झटकली आणि ती गेली. पुढे भरडण्याच्या दिवशी रानडुक्कर आले. "अस्वलराव, अंघोळीचं टाकं का? झकास! आणा तो दगड इकडे, मी रगडतो. माझ्या मानेत जोर बघा की!" अस्वलाने त्यालाही हात जोडले. "तुम्ही पाहुणे, डुक्करदादा. तुम्ही नंतर यायचं." रानडुक्कर म्हणाले, "बरं बाबा, तुमची मर्जी," आणि मान खाली घालून परत गेले. ते ओढ्यापार होईपर्यंत अस्वल त्याच्या पाठीकडे बघत राहिले. हाक मारावी असे त्याला फार वाटले. पण मग गंमत ती काय राहिली?

सर्वांत शेवटी म्हातारी कासवी आली. तिला यायलाच दोन दिवस लागले होते. तिच्या पाठीवर पानाचा द्रोण होता. तिने नाक वर करून हवा हुंगली आणि ती हसली.

"फसफस करतोस होय रे? वास आमच्याकडे आला तेव्हाच ओळखलं. हे घे विरजण. तू मागायला आला नाहीस, म्हटलं नवखा आहे, लाजला असेल."

अस्वल खरोखरच लाजले, आणि लाजलेला माणूस काय किंवा अस्वल काय, हमखास चुकीचे बोलतो. "नको मावशी. मी मोहाची फुलं टाकणार आहे, ती आपली आपण आंबतात. माझं मी बघतो."

"आंबतील की. पण ऐक, झाकण लावशील तेव्हा त्याला..."

"मला कळतं हो, मावशी."

"बरं," कासवी म्हणाली. द्रोण पुन्हा पाठीवर सावरून ती वळली आणि आल्या वाटेने परत निघाली. ती दिसेनाशी व्हायला बराच वेळ लागला आणि तेवढा सगळा वेळ अस्वल उभेच होते.

मग त्याने मोहाची फुले घातली, वरून सालीचे झाकण बसवले, आणि घमघमाट बाहेर जाऊन कुणाला आधीच पत्ता लागू नये म्हणून फट न् फट शोधून मेणाने बुजवली. नळीत बूच ठोकले. झाकणावर धोंडे रचले. वाऱ्यालाही आत शिरता येणार नाही असे ते पक्के काम होते.

आता फसफस म्हणजे काही दगड नव्हे. ती आंबताना श्वास टाकते. तो बाहेर जायला झाकणाला बारीकसे भोक ठेवावे लागते, हे त्या जंगलात खारीच्या पिल्लालाही ठाऊक होते. पण जो विचारणारच नाही, त्याला कोण सांगणार! खोड आतून गुरगुरू लागले तेव्हा अस्वलाला वाटले, वा, काय जोरात होते आहे! ते शेजारी बसून तो आवाज ऐके. बऱ्याच दिवसांनी आपल्या दारात कुणीतरी बोलते आहे असे त्याला वाटे.

ज्या सकाळी ते सगळ्यांना बोलवायला निघणार होते, त्या सकाळी खोड फुटले. एवढा मोठा धमाका झाला की झाडावरचे पक्षी उडाले. धोंडे एकीकडे, झाकण एकीकडे, आणि मधोमध उभी चीर गेलेले खोड. अस्वल धावले, दोन्ही पंजांनी चीर दाबून धरू लागले. पण अख्ख्या जंगलाला पुरेल एवढी फसफस दोन पंजांत कुठली मावायला? ती खडकावरून वाहत उतारावर गेली आणि दिसेनाशी झाली. अस्वल ओल्या खडकावर बसले आणि रडले. फसफस गेली याचे त्याला फारसे काही नव्हते. आता कुणाला कशासाठी बोलवावे, हे त्याला सुचत नव्हते.

दुपार टळली तसे ओढ्याकडून हसणे ऐकू आले. नेहमीपेक्षा जवळून. अस्वल उठून खाली गेले. चैत्रात ओढा आटला होता आणि पात्रात एक खोलगट खळगी कोरडी पडली होती. त्या खळगीत त्याची फसफस जाऊन साचली होती. भोवती सगळे जंगल जमले होते. कुणी पानाने पीत होते, कुणी थेट तोंड लावून. "खडकाला फसफशीचा पाझर फुटला!" खार ओरडत होती. रानडुकराच्या मिशांना फेस लागला होता. जागा एवढीशी, सगळे एकमेकांना खेटून बसलेले.

अस्वलाच्या ओठांवर आले, 'ती माझी आहे! मी केली, एकट्याने केली!' ते खरेही होते. पण अस्वल दिसताच सगळे गप्प झाले होते आणि दोघेतिघे मान राखून उठूही लागले होते. अस्वलाला दिसले की आपण हे बोललो तर उरलेलेही उठतील, तोंडे पुसतील, वाहवा करतील आणि निघून जातील. मग ही भरलेली खळगी आणि आपण.

त्या जंगलात आल्यापासून त्याने कुणाकडे काही मागितले नव्हते.

"मला..." ते म्हणाले, "मला थोडी मिळेल का?"

खार फिस्सकन हसली. "अहो काका, मिळेल का म्हणून काय विचारता! ए, सरका रे, काकांना जागा द्या. दादा, तुम्ही तिकडे. अजून तिकडे!"

रानडुक्कर कुरकुरत सरकले. कासवीने आपल्या हातचे पान अस्वलापुढे केले आणि ती म्हणाली, "कडवट आहे जरा. पण ज्याने केली, त्याने मनापासून केलीय." ती अस्वलाकडे बघत नव्हती, खळगीकडे बघत होती.

अस्वल प्यायले. खरेच कडवट होती. त्याने पान भरून शेजारच्याला दिले. अस्वल अंगाने मोठे आणि जागा थोडी, त्यामुळे सगळ्यांना त्याला टेकूनच बसावे लागले.

तात्पर्य : नुसते देऊ पाहणाऱ्याला लोक लांबून नमस्कार करतात, सोबत हवी असेल तर मागायलाही शिकावे.