हलगीची खरखर

एकदा एका तरुणाला वाईट आवाज हवा होता. हसू नका. लोक पैसा ओतून स्वच्छ, निर्मळ आवाजाच्या मागे लागतात, आणि हा लहू, शहरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारा, म्हणत होता की माझी हलगी मला खरखरीत वाजायला हवी आहे. फाटकी, कानात वाळू गेल्यासारखी. कारण त्याच्या बापाची तशी वाजायची.

बाप नामांकित हलगीवाला. लग्न असो, जत्रा असो, कुस्तीचं मैदान असो, त्याला बोलावणं ठरलेलं. लहू शाळेत असताना तो वारला. मागे राहिली त्याची हलगी आणि एक कॅसेट. ती कॅसेट लहूची आई गावच्या घरी रोज दिवेलागणीला लावायची. एके दिवशी टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. लहू गावी गेला तेव्हा आई ती चुरगळलेली, तुटलेली फीत मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आनी येकदा तरी ऐकायला मिळाय पायजे हुतं रं." पुन्हा तो विषय तिने काढला नाही. माणसं एखादी गोष्ट पुन्हा काढत नाहीत ना, तीच मुलांच्या जिवाला लागते.

लहूने ठरवलं, तो आवाज आपण तयार करायचा. हात बापानेच बसवलेला होता, ताल अंगात होता. फ्लॅटच्या एका खोलीत त्याने भिंतींना गोधड्या टांगल्या, चांगला माइक आणला, कॉम्प्युटर मांडला. हलगीचं चामडं तापवल्याशिवाय बोलत नाही. बाप गवत पेटवून शेकायचा, हा बायकोच्या हेअर ड्रायरने शेकू लागला. काय करणार बिचारा? फ्लॅटमध्ये गवत पेटवलं असतं तर सोसायटीने त्यालाच शेकून काढलं असतं.

पहिलं रेकॉर्डिंग त्याने आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "चांगलं हाय बाळा. चकचकीत हाय. पर ह्यांचं न्हवं."

आता कॉम्प्युटरमध्ये खरखर घालायचीही सोय असते. लहूने ती घातली. थोडी घातली, मग भरपूर घातली. आई म्हणाली, "आता भजी तळल्यागत वाजतंय."

तेव्हा तो अप्पांकडे गेला. अप्पा म्हणजे त्याच्या गावाकडचे जुने ध्वनिमुद्रक, आता शहरात राहणारे. लहूच्या बापाची ती कॅसेट त्यांनीच भरली होती. आता वय झालेलं, पण कान शाबूत. लहूने पाय धरले आणि म्हणाला, "अप्पा, ती खरखर कशी आणायची तेवढं शिकवा. दुसरं काही मागत नाही."

अप्पांनी त्याची सगळी रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकली. मग भलतंच विचारलं, "शेजारीपाजारी भांडत नाहीत का रे?"

"नाही अप्पा. मी बेतानेच वाजवतो. आवाज नंतर वाढवता येतो."

"आणि तो लाल दिवा? आवाज हाताबाहेर गेला की लागतो तो?"

"लागूच देत नाही," लहू अभिमानाने म्हणाला. "लागायच्या आत माझा हात बटणावर जातो."

अप्पांनी मोठा सुस्कारा सोडला. म्हणाले, "हलगी घे. कॉम्प्युटर राहू दे इथंच. रविवारी तुझ्या गावाला जाऊ."

लहूचं घर गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, नुसते गोटे. अलीकडच्या काठावर अप्पा थांबले. पिशवीतून आपला जुना टेपरेकॉर्डर काढला, नवी कॅसेट घातली, एका दगडावर ठेवून माइक लहूच्या समोर लावला. लहूला गवत गोळा करायला लावलं. गवत पेटलं, हलगी शेकली, चामडं टणटण बोलू लागलं. आणि मग या जाणत्या माणसाने काय करावं? आवाज कमी-जास्त करण्याचं बटण पकडलं, हिसका देऊन उपटलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"अहो अप्पा! हे काय?"

"मी पलीकडं तुझ्या आईपाशी जाऊन बसतो. मला ऐकू आलं नाही तर हात वर करीन." एवढं बोलून ते गोट्यांवरून तोल सावरत निघूनही गेले.

लहूने वाजवायला सुरुवात केली, खोलीत वाजवायचा तशीच. पलीकडे अप्पांचा हात वर. त्याने जोर वाढवला. पुन्हा हात वर. टेपरेकॉर्डरचा आवाज मोजणारा काटा लाल पट्ट्यात जाऊन थडकला तसा सवयीने लहूचा हात बटणाकडे गेला. बटण होतं कुठे? त्याला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. आवाज सगळा फाटणार, एवढ्या लांब येऊन सगळं वाया जाणार! चिडून त्याने वर पाहिलं, तर पलीकडे अंगणात आई बसलेली दिसली. मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून. कॅसेट तुटली त्या दिवशी बसली होती तशीच. तेवढ्या अंतरावरून ती फार लहान दिसत होती. फोनवर ती रोज जवळ वाटायची. आज कळलं, ती किती लांब आहे आणि आपण किती दिवसांत घरी आलेलो नाही.

मग त्याने काट्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहत तो वाजवत सुटला. काठी तुटेल की चामडं फाटेल, कशाचीच फिकीर राहिली नाही. आईने मान वर केली. एकदा ओढ्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात निघून गेली.

तिला सहन झालं नाही, असं लहूला वाटलं. त्याने हलगी थांबवली, टेपरेकॉर्डर उचलला आणि धापा टाकत ओढा ओलांडला. "अप्पा, सगळं फाटलं असणार! मुद्दाम का केलंत असं?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "बस. तुझा बाप आठ-आठ दिवस बाहेर असायचा. परत आला की सरळ घरात शिरायचा नाही. पलीकडच्या त्या काठावर थांबायचा, गवत पेटवायचा, हलगी शेकायचा आणि वाजवायचा. इथं तुझ्या आईला कळायचं, धनी आला. कॅसेट भरली त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो, म्हणून मशीन तिथंच लावलं. काटा लालमध्ये गेला. आवाज कमी करायला मी बटण धरलं आणि फिरवलं नाही. माझ्याच्यानं झालंच नाही ते. लेका, ती खरखर मशीनची करामत नव्हती. त्याला घरी यायची घाई झाली होती आणि एवढीशी फीत त्याला पुरली नाही. जे मावत नाही ते फाटतं, त्यालाच आपण खरखर म्हणतो. तू आधी हात आवरतोस आणि मग वरून फाटकेपणा शिंपडतोस. कसं जमायचं ते?"

घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

अप्पांनी खिशातलं बटण काढून जागेवर बसवलं आणि कॅसेट लावली. आवाज फुटलेला होता, खरखरत होता. मधेच एका ठोक्याला तर नुसतं धूळ उडाल्यासारखं झालं. पिठाचे हात घेऊन आई दारात आली. उभ्यानेच तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यांचं न्हवं हे," ती म्हणाली.

लहूची मान खाली गेली.

"ह्यांचा हात येगळा हुता. ह्यो तुजा हाय." तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले. "पर हितं बसल्या बसल्या मला कळलं, कोनतरी घरला यायलंय. म्हनून तवा टाकला. चल, हात धू. भाकरी गार हुतीया."

बापाचा आवाज परत आला नाही. तो येत नसतो, मंडळी. लहू मात्र त्या दिवशी घरी जेवला, आणि बऱ्याच वर्षांनी त्या माउलीने हलगी ऐकून तव्यावर एक भाकरी जास्तीची टाकली.

आपल्या माणसाला हाक मारताना आपलाही एक हात कायम बटणावर असतो. तो कधीतरी काढून पाहा.